छपराखालचे मैदान

भांडुप आणि मुलुंड यांच्या दरम्यान २००६ साली नाहूर हे स्थानक सुरू झाले, तेव्हा बाहेरच्या माणसाला मध्य रेल्वेच्या नकाशावर एका ठिपक्याची भर पडली एवढेच वाटले असेल. परंतु एका बाजूस लालबहादूर शास्त्री मार्गालगतचे कारखाने व त्यांच्या आधाराने वाढलेल्या चाळी, आणि दुसऱ्या बाजूस पूर्व द्रुतगती महामार्ग व त्यापलीकडची मिठागरे, अशा चतुःसीमेत वसलेल्या या टापूचे नाव स्थानकाहून पुष्कळ जुने आहे, आणि येथील खेळाचे जीवनही स्थानकाची वाट पाहत थांबलेले नव्हते. कोकणातून व घाटावरून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसांनी आपापल्या गावची कबड्डी आणि खो-खो बरोबर आणले, मोकळी जागा दिसेल तेथे चुन्याच्या रेषा आखल्या, आणि पहिल्या पाळीहून सुटलेला कामगार संध्याकाळी त्याच रेषांच्या आत चढाईला जाऊ लागला. ती मोकळी जागा आता उरली नाही. जेथे कारखान्याची भिंत होती तेथे निवासी मनोरे उभे राहिले, आणि मुलांचा खेळ शाळेच्या सभागृहात, मंडळाच्या व्यायामशाळेत, गृहसंकुलाच्या क्लबघरात किंवा मुलुंडच्या प्रियदर्शिनी क्रीडासंकुलासारख्या सार्वजनिक वास्तूत जाऊन वसला. या स्थलांतरामुळे खेळणाऱ्याचे काय झाले याची चर्चा क्रीडाशिक्षकांनी करावी. खेळ टिपणाऱ्यापुढे जी अडचण उभी राहिली, तिचा विचार पुढील पानांत केलेला आहे, आणि त्या विचाराची पार्श्वभूमी वाचकापुढे ठेवणे हे या प्रस्तावनेचे प्रयोजन आहे.

जागेच्या टंचाईने जे घडविले त्याला खेळाच्या प्रगतीनेही हातभार लावला आहे, हे येथे नमूद करणे अगत्याचे वाटते. १९९० साली बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धांत कबड्डीला पदकाचा खेळ म्हणून स्थान मिळाले, पुढे माती जाऊन मॅट आली, आणि २०१४ साली वरळीच्या बंदिस्त क्रीडागारात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला तेव्हा हा खेळ कायमचा छपराखाली आला असे म्हणावयास हरकत नाही. खो-खोचीही तीच वाट झाली. २०२२ साली पुण्याच्या बालेवाडीत व्यावसायिक खो-खो बंदिस्त क्रीडागारात खेळला गेला आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीत झालेली पहिली विश्वचषक स्पर्धादेखील बंदिस्त क्रीडागारातच पार पडली. या मोठ्या क्रीडागारांत दूरचित्रवाणीच्या सोयीसाठी प्रकाशाची मुबलक तजवीज असते, आणि म्हणून तेथील चित्रे लखलखीत येतात. परंतु त्या अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या मागे जी हजारो मुले-मुली चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील गटांत खेळत असतात, त्यांचे मैदान छपराखाली गेले आणि प्रकाश मात्र बाहेर राहिला.

आपल्याकडे छायाचित्रणाची आणि खेळाची गाठ फार पूर्वी पडली, पण ती सूर्याच्या साक्षीने. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली आणि डॉ. नारायण दाजींसारखे विद्वान गृहस्थ तिच्यात हिरिरीने भाग घेऊ लागले, त्या काळात काचेवर बसविलेले रासायनिक द्रव्य इतके मंद होते की माणसाला काही सेकंद निश्चल बसविल्यावाचून गत्यंतर नसे. पुढे १८९९ साली हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती चलच्चित्राच्या फितीवर घेतली आणि ती धुण्यासाठी विलायतेस पाठविली. भारतीय माणसाने घेतलेल्या आरंभीच्या चलच्चित्रांत एक खेळाचे असावे, त्यातही कुस्तीचे असावे, आणि ते घेणारा मराठी असावा, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. परंतु ती कुस्ती एखाद्या तालमीत न लावता उघड्या बागेत लावावी लागली, ही गोष्टही त्या अभिमानाइतकीच लक्षात ठेवण्याजोगी आहे. तालमीच्या हौद्यातला काळोख भेदणे त्या यंत्राच्या आवाक्यातले नव्हते.

याचा परिणाम कोणत्याही जुन्या तालमीच्या किंवा मंडळाच्या भिंतीवर पाहावयास मिळतो. तेथे चौकटींची रांग असते. प्रत्येक चौकटीत मध्यभागी ढाल, तिच्या भोवती खुर्च्यांवर पदाधिकारी, मागे हाताची घडी घालून उभे असलेले खेळाडू, पायाशी मांडी घालून बसलेली लहान मुले आणि खाली पांढऱ्या अक्षरांत साल व नावे. एवढ्या चौकटींत एकही पकड नाही, एकही उडी नाही, दम टाकलेला एकही चेहरा नाही. ज्या मंडळाने पिढ्यान्‌पिढ्या खेळ खेळला, त्याच्या दफ्तरात खेळाचा पुरावा म्हणून खेळून झाल्यानंतर उभे राहिलेले लोक तेवढे शिल्लक आहेत. यात त्या छायाचित्रकारांची कसूर नव्हती. बसलेले माणूसच तेवढे त्यांना टिपता येत होते. आज यंत्रे बदलली आहेत, आणि तरीही मंडळांच्या भिंतींवर लागणाऱ्या नव्या चौकटी पूर्वीच्याच धर्तीच्या आहेत, ही मात्र मला खरोखर खंत वाटते. ती दूर व्हावी एवढ्यासाठीच हा सारा खटाटोप आहे.

आता अडचण नेमकी किती मोठी आहे ते आकड्यांत मांडतो, कारण या विषयात अदमासाने बोलणारे फार भेटतात. भर दुपारच्या उन्हाचा प्रकाश सुमारे एक लाख लक्स भरतो. ट्यूबलाइटवर चालणाऱ्या साधारण शालेय सभागृहात तो दोनशे ते तीनशे लक्सच्या आसपास असतो. आपली डोळ्याची बाहुली मोठी होते, मेंदू सांभाळून घेतो, आणि आत शिरताच क्षणभर अंधारल्यासारखे वाटून पुढे सर्व ठीक दिसू लागते. म्हणूनच पालक आत्मविश्वासाने मोबाइल वर करतो आणि त्याच्या हाती एक पिवळट, पुसट आकृती लागते. अडीचशे लक्सच्या उजेडात ज्या लेन्सचे अ‍ॅपर्चर जास्तीत जास्त एफ ५.६ पर्यंतच उघडते, अशी कॅमेऱ्याबरोबर मिळणारी सामान्य झूम लेन्स वापरली, आणि शटर सेकंदाच्या एकपाचशेव्या भागावर ठेवले, तर आयएसओ १६,००० च्या घरात न्यावा लागतो, एफ २.८ च्या लेन्सला तेच काम ४,००० मध्ये साधते, आणि एफ १.८ च्या साध्या ५० किंवा ८५ मिलिमीटरच्या लेन्सला १,६०० च्या जवळपास. एफ २.८ ची ७०-२०० झूम ही मध्यमवर्गीय घराला न पेलणारी वस्तू आहे. परंतु ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स त्या मानाने पुष्कळ स्वस्त आहे, आणि नाहूर-भांडुपच्या सभागृहांत प्रेक्षक व खेळाडू यांच्यात अंतरच इतके थोडे असते की तेथे लांब लेन्सची मातबरी फारशी चालत नाही. ज्याला एकच लेन्स घेणे परवडते त्याने हीच घ्यावी, हे माझे ठाम मत आहे.

शटरचा वेग कमी करून प्रकाश वाढवावा, असा मोह प्रत्येकाला होतो. सेकंदाला पाच मीटर वेगाने पुढे जाणारा चढाईपटूचा हात एकशतांश सेकंदात पाच सेंटिमीटर सरकतो, म्हणजे चित्रात तो हात राहत नाही, त्याचा पट्टा उमटतो. एकपाचशेव्या भागात तोच हात एक सेंटिमीटर सरकतो आणि बोटे मोजता येतात. फितीच्या काळात या कोंडीतून वाट काढण्यासाठी जुने वृत्तपत्र-छायाचित्रकार चारशे वेगाची फिल्म सोळाशेची आहे असे समजून वापरीत आणि धुताना तिला रसायनात नेहमीहून अधिक वेळ ठेवीत. चित्र खरबरीत येई, सावल्या काळ्याठिक्कर होत, पण खेळ हाती लागे. त्यांच्या तुलनेत आजचा साधा कॅमेराही श्रीमंत आहे, हे नव्या मुलांनी विसरू नये.

उजेड कमी असतो एवढ्यावर भागले असते तर बरे झाले असते. परंतु तो स्थिरही नसतो. आपल्या घराघरांत येणारी वीज सेकंदाला पन्नास आवर्तने करते, आणि जुन्या चोकवर चालणारी ट्यूब प्रत्येक आवर्तनात दोनदा उजळते व दोनदा मंदावते, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. डोळ्याला ते कळत नाही. एकपाचशेव्या भागावर ठेवलेले शटर मात्र त्या चढउताराचा एकपंचमांश तुकडा तेवढा कापून घेते. तो तुकडा शिखरावरचा निघाला तर चित्र स्वच्छ येते, उतारावरचा निघाला तर तेच चित्र अंधारे आणि मातकट पिवळे येते. एकाच चढाईची लागोपाठ घेतलेली आठ चित्रे संगणकावर ओळीने मांडून पाहावीत: पहिल्यात मॅट निळी, दुसऱ्यात हिरवट, तिसऱ्यात वरचा अर्धा भाग उजळ आणि खालचा अर्धा करडा, चौथ्यात पुन्हा निळी, आणि कॅमेऱ्याचे एकही बटण या दरम्यान हललेले नाही. नवा छायाचित्रकार या ठिकाणी यंत्र नादुरुस्त आहे असे समजून दुकानाची पायरी चढतो. यंत्रात काही बिघाड नसतो. मोठ्या सभागृहांत दिवे तिन्ही फेजवर वाटून दिलेले असले तर एकाची उणीव दुसरा भरून काढतो आणि हा दोष पुष्कळसा निवळतो. इलेक्ट्रॉनिक चोकची ट्यूब हजारो वेळा लुकलुकत असल्यामुळे तिचा उपद्रव होत नाही. उलट स्वस्तातले एलईडी दिवे, त्यांचा ड्रायव्हर हलका असेल तर, जुन्या ट्यूबहूनही वाईट वागतात. २०१४ साली कॅननच्या सेव्हन-डी मार्क टू या कॅमेऱ्यात या लुकलुकण्याचा ताल ओळखून नेमक्या शिखरावर शटर सोडण्याची सोय आली, आणि पुढे ती अनेक कॅमेऱ्यांत दिसू लागली. ज्याच्याजवळ ती नाही त्याने सामन्यापूर्वी दहा मिनिटे लवकर जावे, रिकाम्या मॅटची लागोपाठ वीस-पंचवीस चित्रे घ्यावीत, आणि कोणत्या कोपऱ्यातील दिवे दगा देतात ते पाहून आपली बैठक ठरवावी. आवाज न करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरपासून अशा सभागृहात दूरच राहावे. ते चित्र ओळीओळीने वाचून घेते, आणि प्रत्येक उजळ-मंद लाटेचा आडवा पट्टा चित्रावर उमटवून ठेवते.

फ्लॅशविषयी मी येथे एकच वाक्य लिहितो, कारण त्यावर वाद घालण्याची माझी तयारी नाही: साडेआठ फुटांवर, डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत मल्लखांबाला अढी घालून राहिलेल्या दहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांवर जो माणूस फ्लॅश उडवितो, त्याला सभागृहाबाहेर काढण्याचा अधिकार पंचांना असलाच पाहिजे.

मग या सर्व तुटवड्यावर उपाय कोणता? माझ्या मते तो खेळाच्या ज्ञानात आहे, आणि हेच या पुस्तिकेचे मुख्य प्रतिपादन आहे. प्रत्येक वेगवान हालचालीच्या पोटात एक विसाव्याचा क्षण दडलेला असतो. ज्याला खेळ ठाऊक आहे त्याला तो क्षण येण्यापूर्वी कळतो, आणि तेवढ्या क्षणापुरता कमी उजेडही पुरतो. टेबल टेनिसच्या सर्व्हिसमध्ये चेंडू तळहातावरून किमान सोळा सेंटिमीटर वर उडाला पाहिजे असा नियम आहे. वर गेलेला चेंडू खाली येण्यापूर्वी क्षणभर थांबतो, मुलाची नजर त्यावर खिळलेली असते, आणि हनुवटी वर उचललेली असते. मल्लखांबावर मुलगा दसरंग करीत फिरत असतो तेव्हा त्याला गोठवू पाहणे व्यर्थ. पण तो एखाद्या आसनावर येऊन स्थिरावतो, परीक्षकाला आसन पुरे दिसावे म्हणून क्षणभर राखतो, तेव्हा सेकंदाच्या एकशे पंचविसाव्या भागातही त्याच्या पोटरीची शीर न् शीर स्पष्ट उमटते. दादरच्या शिवाजी पार्कावरील समर्थ व्यायाम मंदिर १९२५ पासून ही विद्या शिकवीत आले आहे. तेथे जाऊन कॅमेरा न काढता एक संध्याकाळ नुसते पाहत बसावे, अशी माझी प्रत्येक होतकरू छायाचित्रकाराला शिफारस आहे. बॅडमिंटनमध्ये उडी मारलेल्या मुलीचे शरीर शिखरावर थांबते, पण त्याच वेळी रॅकेट सर्वांत वेगवान असते; तेव्हा रॅकेट पुसट येऊ द्यावी, चेहरा सांभाळावा. खो-खोत खांबाशी मारलेला सूर मोहक दिसतो खरा, पण उजेड कमी असेल तर पाटीत दबा धरून बसलेल्या, खो मिळताच उसळण्याच्या तयारीत टाचा उचललेल्या खेळाडूंची रांग अधिक चांगले चित्र देते, असा माझा अनुभव आहे.

कबड्डीच्या बाबतीत जरा तपशिलाने सांगितले पाहिजे, कारण या उपनगरांचा तो जीव आहे, आणि कारण बहुतेक छायाचित्रकार तिथे चुकीच्या जागी बसतात. चढाईपटूचा चेहरा दिसावा म्हणून ते बचाव करणाऱ्या संघाच्या अंतिम रेषेमागे जागा धरतात. तेथून निदानरेषा ओलांडणारा, बोनस घेण्यासाठी पाय टाकणारा खेळाडू समोरून दिसतो हे खरे. परंतु खेळाचा कस परतीच्या वाटेवर लागतो. कोपरारक्षकाने घोट्याला हात घातला, साखळी मिटली, मध्यरक्षक कमरेवर कोसळला, की चढाईपटू जमिनीसरसा होतो आणि पाच-सहा जणांचे ओझे ओढीत मध्यरेषेकडे हात लांबवतो. त्याचे तोंड त्या घडीला आपल्याच संघाकडे असते. ज्या बाजूने तो निघाला त्या बाजूच्या अंतिम रेषेमागे, गुडघ्यांवर, कॅमेरा मॅटपासून फूटभर उंचीवर धरून जो बसला असेल, त्याला तो चेहरा मिळतो: ओठांवर अजून कबड्डीचा दम, कपाळाला चिकटलेले केस, ताणलेली बोटे आणि त्यांच्या पुढ्यात चार इंचांवर पांढरी रेषा. सर्वांचे वजन एकमेकांवर रोखले गेल्यामुळे तो सारा गुंता त्या क्षणी जवळजवळ थिजलेला असतो, आणि उजेड कितीही हलका असला तरी चित्र निसटत नाही. तीस सेकंदांच्या चढाईत पहिली वीस-बावीस सेकंदे बोट आवरून ठेवण्याचा संयम ज्याने शिकून घेतला, त्याला हे चित्र कधी ना कधी मिळतेच.

सभागृहातला प्रकाश वरून, थेट डोक्यावर पडतो, हीदेखील विसरता कामा नये अशी बाब आहे. खाली पाहणाऱ्या मुलाच्या डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात आणि बारा वर्षांचे पोर चाळिशीचे दिसू लागते. म्हणून ज्या क्षणी चेहरा वर वळतो तो क्षण धरावा: शटलच्या मागावरचा, गुणफलकाकडे पाहणारा, प्रशिक्षकाची हाक ऐकून वळलेला. मॅटचाही एक गुण-दोष ध्यानात ठेवावा. निळी-पिवळी मॅट आपला रंग खालून चेहऱ्यावर फेकते, तेव्हा पांढऱ्या रंगाचा समतोल यंत्रावर न सोपविता पांढऱ्या कागदावर स्वतः साधून घेणे बरे. इतके करूनही रंग हाताबाहेर गेलाच तर चित्र निःसंकोचपणे कृष्णधवल करावे. आणि उंच आयएसओमुळे चित्रावर येणाऱ्या कणांची धास्ती घेऊ नये; संगणकावर ते कण घासून पुसून टाकले की मुलाची कातडी मेणासारखी होते, घाम नाहीसा होतो. खरबरीत पण तीक्ष्ण चित्र मी गुळगुळीत पुसट चित्रापेक्षा केव्हाही श्रेष्ठ मानीन.

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत आणखी एक शत्रू येतो. खिडक्या लावून घेतलेल्या असतात, पत्र्यावर पाऊस कोसळत असतो, आत शंभर मुलांच्या श्वासांची वाफ. वातानुकूलित गाडीतून उतरून थेट आत नेलेल्या लेन्सवर धुके धरते, आणि ओलसर पिशवीत तशीच ठेवून दिलेल्या लेन्सच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरतात, जे काढण्याचा खर्च कधीकधी लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो. मिठागरांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या यांत हयगय करू नये.

मुलांच्या चित्रांविषयी जबाबदारीचा प्रश्न उरतो, आणि तो मी शेवटी घेत असलो तरी कमी महत्त्वाचा मानीत नाही. पालकांची आणि प्रशिक्षकांची संमती आधी घ्यावी. हरलेल्या, रडणाऱ्या, दुखापतीने विव्हळणाऱ्या मुलाचे चित्र त्याच्या घरच्यांना विचारल्याशिवाय चव्हाट्यावर मांडू नये. कपडे सरकल्यामुळे ज्या चित्रात मुलीला पुढे संकोच वाटेल ते घरी पोहोचण्यापूर्वीच पुसून टाकावे. जे चित्र ठेवण्याजोगे आहे त्याची प्रत आठवड्याच्या आत मुलाच्या हाती पडली पाहिजे आणि एक मंडळाच्या दफ्तरी जमा झाली पाहिजे. पाठीमागे पेन्सिलीने मुलाचे नाव, वयोगट, प्रतिस्पर्धी संघ, सभागृह, तारीख आणि तो चढाईत होता की पकडीत एवढे लिहावे. पदाधिकाऱ्यांची नावे त्या पाठीवर लिहिली नाहीत तरी चालतील.